वाड्याची किल्ली कुठे ठेवलीय? हिडन ऑब्जेक्ट खेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिशीत एकदा बोलता बोलता तोंडून निघून गेलं, की जेवणं आटोपली की मी आणि आत्या लॅपटॉप उघडून शापित वाड्यांत हिंडायला निघतो. तेव्हापासून फोन थांबत नाहीत. कुणाला खेळ लावून हवा असतो, कुणी तिसऱ्याच खोलीत अडकलेलं असतं, कुणाची मुलगी म्हणते, "आईला हे चालेल का?" तीच तीच उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

हे 'होपा' म्हणजे नेमकं काय?

'हिडन ऑब्जेक्ट पझल ॲडव्हेंचर' या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून झालेला शब्द. एक गोष्ट असते, तुम्ही तिच्यातलं एक पात्र असता. खोल्या, अंगणं, तळघरं, जंगलातल्या वाटा यांतून हिंडायचं. मधूनच वस्तूंनी खच्चून भरलेलं एखादं चित्र उघडतं आणि यादीतल्या वस्तू त्यातून हुडकून काढायच्या. त्यातली एक तुमच्या पिशवीत पडते, ती दुसरीकडे कामाला येते, तिथे एखादं कोडं सुटतं, दार उघडतं, गोष्ट पुढे सरकते. घाई नाही, मारामारी नाही, पटापट बटणं दाबणं नाही. म्हणूनच आत्याला जमतं.

म्हणजे रविवारच्या पुरवणीतलं 'चित्रात लपलेले दहा प्राणी शोधा' तेच ना?

मूळ तेच. २००५ साली सिॲटलच्या बिग फिश गेम्सनं 'मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल' आणला, आणि संगणकावर हा प्रकार फोफावला तो तिथून. तेव्हा मामला साधा होता: पसाऱ्याचं चित्र, यादी आणि डोक्यावर टिकटिकणारं घड्याळ. त्याच मालिकेतल्या २००८ च्या 'रिटर्न टू रेव्हनहर्स्ट'मध्ये घरभर हिंडणं, वस्तू गोळा करणं, त्या योग्य जागी वापरणं हे सगळं मिसळलं आणि आज आपण खेळतो तो साचा दिसू लागला. पुढे पऱ्या, ड्रॅगन, चेटकिणी आल्या आणि ठाण मांडून बसल्या.

त्याचं कारण माझ्या मते सोपं आहे. दार उघडायला सिंहाच्या तोंडात तीन रत्नं बसवावी लागतात, याचं जादूच्या जगात कुणाला नवल वाटत नाही. तीच गोष्ट साध्या पोलीसकथेत आली, की "अरे, कुलूपवाल्याला का नाही बोलावत?" असं मनात येतंच.

पहिला खेळ कोणता घेऊ?

अगदी नवख्यांना मी 'अवेकनिंग: द ड्रीमलेस कॅसल' सांगते. बूमझॅप या सिंगापूरच्या कंपनीचा, २०१० चा. राजकन्या सोफिया शंभर वर्षांच्या झोपेतून जागी होते, तर किल्ल्यात चिटपाखरू नाही. चित्रं उजळ, भीती जवळजवळ नाही, कोडी बेताची.

थोडं अंधारं चालत असेल तर 'ग्रिम लेजेंड्स: द फोर्सेकन ब्राइड' (२०१४). हा पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीचा. जुळ्या बहिणीच्या लग्नाला आपण रेव्हनब्रुक नावाच्या गावात पोचतो आणि नवरीलाच एक अजस्र अस्वल पळवून नेतं. सोबतीला एक मांजराचं पिल्लू असतं, आपला हात पोचत नाही तिथे ते जातं. आत्यानं हा खेळ निम्मा त्या पिल्लासाठीच पुरा केला.

आणि याद्यांचा कंटाळा असेल, फक्त कोडी आणि चित्रं हवी असतील, तर 'ड्रॉन: द पेंटेड टॉवर' (२००९). मनोऱ्यात अडकलेल्या आयरिस नावाच्या मुलीनं काढलेली चित्रं जिवंत होतात आणि आपण त्यांच्या आत शिरतो. इतकी वर्षं झाली तरी मला अजून याच्या तोडीचं फारसं काही सापडलेलं नाही.

सोपं, मध्यम, अवघड यातलं काय निवडू?

सोपं. लाजू नका. अवघडमध्ये कोडी बदलत नाहीत, फक्त मदत कमी होते: कुठे काही करण्यासारखं आहे ते दाखवणारी चमक बंद होते आणि हिंटचं, म्हणजे वस्तू दाखवून देणारं बटण एकदा वापरलं की पुन्हा भरायला जास्त वेळ लागतो.

वस्तू डोळ्यांसमोर असते, पण दिसत नाही. काय करू?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हाच तर या खेळाचा धंदा आहे. चित्रकार वस्तू झाकून ठेवत नाही, तिला दुसऱ्या कशाचा तरी भाग करून टाकतो. तलवार खिडकीच्या चौकटीला चिकटून उभी असते. साप पडद्याच्या चुणीत असतो. नाणं चाकाच्या तुंब्यावर बसवलेलं असतं, पीस गव्हाच्या पेंढीत खोचलेलं. म्हणून 'तलवार कुठे आहे' असं शोधू नका, 'इथे उभी सरळ रेघ कुठे आहे' असं शोधा.

रंगावर अजिबात विसंबू नका. सफरचंद लाल असेलच असं नाही. लाकडात कोरलेलं तपकिरी असेल, काचेचं निळं असेल. आकारमानावरही नाही. हत्ती म्हणजे साडीपिनेवरचा बोटभर हत्ती असू शकतो आणि सुई भाल्याएवढी. चित्रातली चित्रं, म्हणजे भिंतीवरच्या तसबिरी आणि पुस्तकांची मुखपृष्ठं, शेवटी नक्की बघा.

मी चित्राचे मनातल्या मनात चार तुकडे करते आणि एकेका तुकड्यात यादी वरपासून खालपर्यंत फिरवते. आत्याची रीत उलटी: एक वस्तू मनात धरायची आणि अख्खं चित्र पालथं घालायचं. माझ्या रीतीनं पहिल्या आठ वस्तू भराभर मिळतात, तिच्या रीतीनं शेवटच्या दोन. उगाच टकटक करत सुटू नका. बरेच खेळ त्याची शिक्षा म्हणून काही सेकंद काहीच करू देत नाहीत.

यादीत एखादं नाव वेगळ्या रंगात दिसलं, तर ती वस्तू तयार मिळणार नाही. 'पेटलेली मेणबत्ती' हवी असेल तर आधी काडेपेटी शोधा, मग ती मेणबत्तीवर न्या.

यादीतले इंग्रजी शब्दच कळत नाहीत. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून सोडून देऊ का?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो विचारायला लोक सगळ्यांत जास्त लाजतात. शिकलेल्यांचंही इथे अडतं. कॉलेजातलं इंग्रजी इथे कामाला येत नाही, कारण यादी असते लोहाराच्या, सुताराच्या, शिंप्याच्या हत्यारांची.

माझीच गोष्ट सांगते. एका चित्रात 'थिंबल' उरलं होतं. शब्द माझ्या ओळखीचा होता, शिवणकामाशी काहीतरी संबंध आहे इतपत. पण वस्तू डोळ्यांसमोर येईना. हिंट संपलेली. आत्या शेजारी बसून ब्लाउजला हुक लावत होती. मी म्हटलं, "आत्या, शिवणाचं काहीतरी आहे, थिंबल." तिनं बोट वर केलं. "हे का गं?" बोटात अंगुस्तान. आणि पडद्यावर ते सुरुवातीपासून उलटं पडलेलं होतं, मी त्याला घंटा समजत होते. तिच्याकडे वस्तू होती, माझ्याकडे शब्द. त्या दिवसापासून आम्ही जोडीनंच खेळतो.

नेहमी येणारे काही शब्द देते. बेलोज म्हणजे भाता, अॅन्व्हिल म्हणजे ऐरण, सिकल म्हणजे विळा, क्रोबार म्हणजे पहार, प्लायर्स म्हणजे पक्कड, चिझल म्हणजे छिन्नी, ट्रॉवेल म्हणजे गवंड्याची थापी. फनेल नरसाळं, लॅडल पळी किंवा डाव, सिव्ह चाळण, स्पिंडल टकळी, स्पूल दोऱ्याचं रीळ, हॉर्सशू घोड्याचा नाल. मॉर्टर आणि पेसल हा आपला खलबत्ता, पण यादीत कधीकधी दोन्ही वेगळे मागतात; मॉर्टर म्हणजे खल, पेसल म्हणजे बत्ता.

खरा घोळ घालतात ते दोन अर्थांचे शब्द. 'बो' म्हटलं की धनुष्य असेल, फितीची गाठ असेल, नाहीतर सारंगीचा गज. 'क्लब' म्हणजे सोटा किंवा पत्त्यातलं किलवर. 'स्पेड' फावडं किंवा इस्पिक. 'हॉर्न' शिंग किंवा रणशिंग, 'सील' लाखेची मोहोर किंवा समुद्रातला प्राणी, 'नट' अक्रोड किंवा बोल्टाला लावतात तो, 'क्रेन' करकोचा किंवा यारी. एक अर्थ शोधून थकलात की दुसरा धरा.

आणि बुद्धिबळ! यादीत 'बिशप' आला. मी शहाणपणा करून आत्याला सांगितलं, "उंट शोध." पाच मिनिटं ती बिचारी वाळवंटातला उंट शोधत होती. 'रूक' आला तर आपला हत्ती, पण तो दिसतो बुरुजासारखा. आणि रूक नावाचा कावळ्याच्या जातीचा पक्षीही असतो, तेव्हा तोही बघून ठेवा.

पिशवीत सात वस्तू आहेत आणि एकही कुठे चालत नाही. अडकलोय.

आधी नकाशा उघडा. नव्या खेळांत जिथे काही करण्यासारखं आहे ती जागा नकाशावर खुणेनं दाखवतात, आणि बहुतेकदा तिथे थेट उडी मारता येते. नकाशा नसेल तर नुकत्याच मिळालेल्या वस्तूपासून सुरुवात करा. ताजी वस्तू बहुधा दोन-तीन खोल्यांच्या आतच लागते. पिशवीतल्या वस्तूंवरही क्लिक करून बघा. पाकिटात चिठ्ठी असते, खेळण्याच्या पोटात चावी असते. वस्तूच्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह असेल तर ती अपुरी आहे, तिला दुसरं काहीतरी जोडायचंय.

खेळ कसा विचार करतो ते एकदा कळलं की निम्मं काम होतं. समजा लोहाराच्या पालात भाता फाटलाय. मग कुठेतरी चामड्याचा तुकडा असणार. तो लावायला सुई-दोरा लागणार. भाता झाला की कोळसा, मग चकमक. आग पेटली की वितळवायला शिशाचा सैनिक, ओतायला साचा, साचा घडवायला ओली माती आणि जुन्या किल्लीचा ठसा. एका किल्लीसाठी एवढी यातायात! प्रत्यक्षात पहारीचा एक घाव पुरला असता, आणि पहार पिशवीत असतेही. पण ती एका पेटीचं झाकण उचकटलं की मोडून पडते. पहार दुसऱ्यांदा वापरू देणारा खेळ मी अजून पाहिलेला नाही.

कोडी डोक्यावरून जातात. काही युक्त्या?

दिसायला दरवेळी नवी असली, कधी रुनं (दगडावर कोरलेली जुनी अक्षरं) तर कधी रत्नं, तरी आतून मोजकीच पाच-सहा कोडी फिरून फिरून येतात. ओळख पटली की झालं.

चकत्यांचा मनोरा: तीन खांब, लहान-मोठ्या चकत्या, लहानीवर मोठी ठेवायची नाही. फ्रान्सच्या एदुआर ल्युका या गणितज्ञानं १८८३ मध्ये आणलेलं हे कोडं 'टॉवर ऑफ हनोई' म्हणून ओळखलं जातं. तीन चकत्यांना कमीत कमी ७ चाली, चारला १५, पाचला ३१. युक्ती अशी: सगळ्यांत छोटी चकती एक चाल सोडून एक हलवायची, आणि दरवेळी एकाच दिशेनं. मधल्या चालीला नियमात बसणारी एकच चाल उरते, ती करायची. चकत्या विषम असतील तर पहिली चाल जिथे मनोरा न्यायचाय त्या खांबावर, सम असतील तर मधल्या मोकळ्या खांबावर.

दिव्यांची चौकट: एक दिवा दाबला की त्याच्यासकट शेजारचेही पालटतात, सगळे विझवायचे किंवा पेटवायचे. इथे क्रमाला किंमत नाही, आणि एकच दिवा दोनदा दाबणं म्हणजे न दाबल्यासारखंच. विझवायचे असतील तर वरून खाली या: वरच्या ओळीत जो पेटलेला आहे, त्याच्या बरोबर खालचा दाबायचा. शेवटच्या ओळीत काही उरलंच तर पहिल्या ओळीत वेगळी सुरुवात करून पुन्हा खाली या. तीन बाय तीनच्या चौकटीत पहिल्या ओळीच्या शक्यता फक्त आठ असतात, त्यातली एक लागतेच.

बाटल्या आणि अर्क: ८, ५ आणि ३ मापांच्या बाटल्या, आठाची भरलेली, नेमकं ४ माप काढायचं. आठातून पाचात, पाचातून तिनात, तिनातलं परत आठात, पाचातले उरलेले दोन तिनात, आठातून पाच पुन्हा भरा, आणि पाचातून तिनात जेवढं मावेल तेवढं ओता. एकच माप मावतं, पाचात चार उरतात. आमच्याकडे हे मी नाही, आत्यानं सोडवलं. ती म्हणाली, "यात काय, रॉकेलच्या मापांनी हेच करायचो."

सरकणारे चौकोन: वरची ओळ आधी लावा, मग डावा रकाना, उरलेले शेवटी गोल फिरवा. ओळीतले शेवटचे दोन चौकोन एकेक करून बसवायला गेलात तर आधीचं मोडतं. दोघांना एकापाठोपाठ एक जोडीनंच आत घ्यावं लागतं. मला मनापासून नावडणारं कोडं. मी सरळ 'स्किप', म्हणजे कोडं सोडून पुढे नेणारं बटण, दाबते.

एकमेकांत गुंतलेली कडी: कुठलं कडं फिरवलं की कुठलं हलतं ते आधी कागदावर लिहा. जे एकटंच हलतं ते सगळ्यांत शेवटी लावायचं.

आणि बारा चिन्हांचं चक्र दिसलं की खूश व्हा. त्या राशी असतात, त्याच क्रमानं, मेष ते मीन. वर्तमानपत्रातलं भविष्य वाचणाऱ्या माणसाला ते कोडं म्हणजे हातचा मळ.

हिंट घेणं म्हणजे चीटिंग का?

नाही. आमच्याकडे नियम एकच: चहा संपेपर्यंत सापडलं नाही तर हिंट.

कलेक्टर्स एडिशनचे जास्तीचे पैसे द्यावेत का?

ही त्याच खेळाची महाग आवृत्ती. त्यात एक जादा प्रकरण असतं, साधारण तासाभराचं, शिवाय खेळाची मार्गदर्शिका, संगीत, चित्रं वगैरे. मूळ खेळ तीन ते पाच तासांत संपतो. गोष्ट मूळ खेळातच पूर्ण होते. जादा प्रकरण बहुधा आधीची किंवा नंतरची हकिकत सांगतं. मी सेल असेल तरच घेते.

फोनवर फुकट मिळतात ते वाईट का?

वाईट नाहीत, पण जात वेगळी आहे. 'सीकर्स नोट्स' किंवा 'हिडन सिटी' यांसारख्या खेळांना शेवट नसतो. तीच चित्रं पुन्हा पुन्हा खेळायची, दरवेळी 'एनर्जी' खर्च होते, संपली की थांबायचं नाहीतर पैसे मोजायचे. वेळ घालवायला ठीक. गोष्टीसाठी खेळत असाल तर एकदाच पैसे भरून कायमचा मिळणारा घ्या. आर्टिफेक्स मुंडीचे बरेच खेळ फोनवर सुरुवातीचा भाग फुकट देतात, आवडला तर पुढचा विकत. बिग फिशवर संगणकासाठी साठ मिनिटांची चाचणी मिळते.

एक मात्र कराच: फोनवरच्या खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. माझ्या भाच्यानं अशाच एका खेळात 'रत्नांची पेटी' म्हणून जे दाबलं, ते महिनाअखेरीस माझ्या कार्डाच्या बिलात दिसलं.

जुन्या लॅपटॉपवर चालतील का?

बहुतेक चालतात. आमचा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे, पंखा गिरणीसारखा वाजतो, तरी अडत नाही. 'स्टीम' या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात आणि चाललाच नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला असेल तर पैसे परत मागता येतात. त्यामुळे घेतल्या घेतल्या लगेच उघडून बघा, दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवू नका.

वयस्कर माणसांची स्मरणशक्ती यानं वाढते का?

खेळ खेळून माणूस त्या खेळात पटाईत होतो, एवढं मी छातीठोकपणे सांगेन. आत्या आता चित्रातला नाल तीन सेकंदांत काढते. स्वतःचा चष्मा मात्र रोज शोधते.

डोळ्यांची काळजी घ्या. चित्रं मुद्दाम काळोखी असतात आणि आपण पापणी न लववता बघत बसतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचं. खोलीतला दिवा चालू ठेवा. पडद्याचा उजेड वाढवलात तर काळोख्या कोपऱ्यांतल्या वस्तूही जरा उघड्या पडतात, हा आयता फायदा.

मुलांना देऊ का?

'अवेकनिंग' खुशाल द्या. बाकीचे आधी अर्धा तास स्वतः बघा. कवट्या, कोळी, मध्येच किंचाळत येणारं भूत हे या प्रकारात मीठमोहरीसारखं असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून खेळलात तर यादी वाचायला ते आणि भुताला घाबरायला तुम्ही, अशी वाटणी छान होते.

मराठीतून खेळता येतो का?

मी खेळले त्यांपैकी एकाही खेळात मराठीचा पर्याय नव्हता. आत्याच्या मनात मात्र एक चित्र तयार आहे. माजघर, भिंतीत फडताळ, खाली जातं, कोपऱ्यात उखळ-मुसळ, शिंक्यावर लोण्याचं मडकं. यादी: रवी, किसणी, शेवगा, पाट, विळी, अडकित्ता, समई, फणेरपेटी, चंची. "आणि किल्ली?" मी विचारलं. "ती चंचीत," ती म्हणाली. "पण चंची यादीत शेवटी ठेवायची. आणि ती आजोबांच्या कमरेला असणार, म्हणजे आधी त्यांना झोपवायला लागेल."